यकृताच्या कर्करोगात एक्झोसोम काय करतात, आणि प्रतिकारशक्तीवरचे उपचार काही रुग्णांनाच का लागू पडतात?

त्वचेच्या आणि केसांच्या दवाखान्यांच्या जाहिरातींतून ‘एक्झोसोम’ हा शब्द आता बेळगाव, निपाणी, चिकोडी, खानापूर या भागातल्या लोकांच्या मोबाइलवरही येऊन पोहोचला आहे, आणि कर्करोगाच्या संशोधनाविषयीच्या बातम्यांतही तो वरचेवर वाचायला मिळतो. यकृताचा कर्करोग झालेल्या माणसाच्या घरात हा शब्द पोहोचला की पहिला प्रश्न हाच येतो, की असले इंजेक्शन आपल्या माणसाला देता येईल का. त्याचे उत्तर सुरुवातीलाच दिलेले बरे: यकृताच्या कर्करोगावर एक्झोसोमचे कोणतेही मंजूर औषध आज उपलब्ध नाही. तरीही हा विषय समजून घेण्यासारखा आहे, कारण नव्या आणि महागड्या उपचारांनी एका रुग्णाची गाठ आटते आणि दुसऱ्याची तशीच वाढत राहते, यामागच्या कारणांपैकी एक महत्त्वाचे कारण या एक्झोसोममध्ये दडलेले असावे.

यकृतात कर्करोग रुजतो कसा?

यकृतात दोन तऱ्हेचे कर्करोग आढळतात. एक मोठे आतडे, जठर किंवा स्वादुपिंड अशा दुसऱ्या अवयवातून तिथे पसरलेला असतो, तर दुसरा यकृताच्या स्वतःच्या पेशींतून उगवतो. या लेखात दुसऱ्या प्रकाराविषयी लिहिले आहे. त्यातला सर्वांत मोठा गट म्हणजे हेपॅटोसेल्युलर कार्सिनोमा, ज्याचा उल्लेख तपासणीच्या कागदांवर ‘एचसीसी’ असा असतो. जागतिक अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात जगभरात सुमारे ८ लाख ६६ हजार लोकांना यकृताचा कर्करोग झाल्याचे निदान झाले आणि सुमारे ७ लाख ५८ हजार लोक त्याने दगावले. हे दोन आकडे एकमेकांच्या इतके जवळ आहेत यावरूनच या आजाराचे निदान किती उशिरा होते आणि उपचार किती अवघड आहेत हे लक्षात येते.

हा कर्करोग सहसा निरोगी यकृतात उगवत नाही. यकृताला वर्षानुवर्षे इजा होत राहते, ती भरून येताना तिथे वण तयार होतात, आणि अखेरीस सगळे यकृत कडक आणि गाठाळ होते. या अवस्थेला सिरॉसिस म्हणतात आणि बहुसंख्य रुग्णांत कर्करोग याच जमिनीवर उगवतो. इजा करणारी कारणे ठाऊक असलेली आहेत: हेपॅटायटिस बी आणि सी हे विषाणू, दारू, मधुमेह आणि स्थूलपणासोबत यकृतात साठणारी चरबी, आणि धान्यावरच्या बुरशीतून येणारे अफ्लाटॉक्सिन नावाचे विष.

इथे एक गैरसमज दूर करणे मला फार महत्त्वाचे वाटते. यकृताचा आजार म्हटला की ‘पीत असणार’ असे गृहीत धरले जाते, आणि आयुष्यात दारूला न शिवलेल्या बाईलाही नातेवाइकांच्या नजरा सोसाव्या लागतात. वास्तविक हेपॅटायटिस बी अनेकदा जन्माच्या वेळी आईकडून बाळाला मिळतो. तान्हेपणी लागण झालेल्या दहांपैकी सुमारे नऊ मुलांत तो कायमचा मुक्काम करतो आणि पुढे तीस-चाळीस वर्षे काहीही न दुखवता यकृत पोखरत राहतो. हा विषाणू रक्तातून, न उकळलेल्या सुईतून, एकाच पात्याने केलेल्या दाढीतून आणि शरीरसंबंधातून पसरतो. एका ताटात जेवल्याने, एका घरात राहिल्याने तो पसरत नाही, म्हणून रुग्णाची भांडी वेगळी ठेवण्याचे काहीच कारण नाही.

अफ्लाटॉक्सिनची गोष्ट आपल्या भागाशी थेट जोडलेली आहे. भुईमूग काढणीला आलेला असताना परतीचा पाऊस गाठतो, अंगणात पसरलेल्या शेंगा दोन-तीन दिवस ताडपत्रीखाली ओल्याच राहतात, आणि मग फोडल्यावर काही दाण्यांवर हिरवट-पिवळी बुरशी दिसते, काही दाणे आक्रसलेले आणि काळपट निघतात. असे दाणे भाजून चटणीत घातले तरी त्यातले विष पूर्ण जात नाही, कारण ते उष्णतेला बरेच टिकून राहते. मक्यालाही हेच लागू आहे. हेपॅटायटिस बीची लागण आणि अफ्लाटॉक्सिन ही दोन कारणे एकाच माणसात एकत्र आली, तर कर्करोगाचा धोका त्या दोन धोक्यांच्या बेरजेपेक्षा कितीतरी अधिक वाढतो. म्हणून बुरसटलेले दाणे निवडून फेकून द्यावेत. ते जनावरांच्या पेंडीतही जाऊ देऊ नयेत, कारण या विषाचा अंश दुधात उतरतो.

एक्झोसोम म्हणजे नेमके काय?

शरीरातली जवळपास प्रत्येक पेशी स्वतःभोवती अतिशय सूक्ष्म पिशव्या सोडत असते. त्यांतल्या साधारण ३० ते १५० नॅनोमीटर आकाराच्या, पेशीच्या आतल्या एका ठरावीक कप्प्यात तयार होणाऱ्या पिशव्यांना एक्झोसोम म्हणतात. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग, त्यामुळे शाळेतल्या किंवा साध्या प्रयोगशाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखाली त्या दिसत नाहीत, त्यासाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. पेशीच्या आतल्या त्या कप्प्याची भिंत आतल्या बाजूला दुमडत जाते आणि कप्प्यात अनेक छोट्या पिशव्या साठतात. मग तो कप्पा पेशीच्या बाहेरच्या पडद्याला जाऊन चिकटतो आणि आतल्या पिशव्या बाहेर रिकाम्या होतात. प्रत्येक पिशवीला स्निग्ध पदार्थाचे दुहेरी आवरण असते, आत प्रथिने आणि आरएनएचे तुकडे असतात, आणि आवरणावर बाहेरच्या बाजूने काही प्रथिने खोचलेली असतात. आरएनए म्हणजे पेशीने कोणते प्रथिन केव्हा आणि किती बनवायचे याच्या सूचना वाहणारा रेणू.

खानापूरकडच्या एखाद्या गावातून बेळगावात शिकणाऱ्या मुलासाठी घरची माणसे सकाळच्या बसमध्ये पिशवी ठेवून देतात, तसाच हा व्यवहार आहे. पिशवीत काय भरायचे हे पाठवणारा ठरवतो, वरच्या चिठ्ठीवर ती कोणी घ्यायची हे लिहिलेले असते, आणि वाटेत बसमध्ये कितीही माणसे असली तरी नाव जुळणाराच ती उतरवून घेतो. एक्झोसोमच्या बाबतीत पाठवणारी पेशी असते, वाट रक्ताची आणि ऊतींमधल्या द्रवाची असते, चिठ्ठीचे काम आवरणावरची प्रथिने करतात, आणि घेणारी पेशी पिशवी आत ओढून तिच्यातल्या सूचनांप्रमाणे वागू लागते.

हे सगळे कळायला बराच काळ गेला. १९८३ साली कॅनडा आणि अमेरिकेतल्या दोन गटांनी तरुण तांबड्या रक्तपेशी या पिशव्यांतून नको असलेली प्रथिने बाहेर टाकतात असे दाखवले, आणि पुढे बरीच वर्षे यांच्याकडे पेशीचा कचरा म्हणूनच पाहिले गेले. १९९६ मध्ये प्रतिकारपेशींनी सोडलेल्या एक्झोसोममुळे दुसऱ्या प्रतिकारपेशी जाग्या होतात हे दिसले. २००७ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी या पिशव्यांतून आरएनए एका पेशीतून दुसऱ्या पेशीत जातो आणि तिथे कामही करतो हे दाखवले, आणि त्यानंतर या विषयाला खरा वेग आला.

यकृतच का?

प्रयोगात प्राण्याच्या शिरेत एक्झोसोम टोचले तर त्यांतला मोठा वाटा यकृतात जाऊन अडकतो. याचे कारण यकृताच्या रचनेत आहे. मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त यकृतातून जाते आणि त्यातले जवळपास तीन-चतुर्थांश थेट आतड्याकडून येते. यकृतातल्या केशवाहिन्यांच्या भिंतींना साधारण १०० नॅनोमीटरची सूक्ष्म छिद्रे असतात, ज्यांतून एवढ्या लहान पिशव्या पलीकडे जाऊ शकतात, आणि त्याच वाहिन्यांत कुप्फर पेशी नावाच्या भक्षक पेशी वाहत येणारा प्रत्येक कण पकडायला बसलेल्या असतात.

आतड्याकडून येणाऱ्या रक्तात अन्नातली परकी प्रथिने आणि जिवाणूंचे तुकडे सतत असतात. त्या प्रत्येकावर प्रतिकारशक्ती तुटून पडली असती तर यकृत रोजच सुजले असते. म्हणून यकृताची प्रतिकारव्यवस्था मुळातच सहनशील असते, पुष्कळ परक्या गोष्टींकडे ती जाणूनबुजून दुर्लक्ष करते. निरोगी माणसासाठी ही सोय आहे, पण कर्करोगाच्या पेशींना तिचाच फायदा मिळतो.

कर्करोग होण्याआधीच्या टप्प्यातही एक्झोसोमचा हात असतो. हेपॅटायटिस सी विषाणूचा आरएनए लागण झालेल्या यकृतपेशीतून एक्झोसोमच्या आत बसून शेजारच्या पेशीत जाऊ शकतो आणि त्या वाटेने प्रवास करताना रक्तातल्या प्रतिपिंडांपासून (अँटीबॉडींपासून) लपून राहतो, असे २०१३-१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसले. दारूने किंवा चरबीने इजा झालेल्या पेशीही अशा पिशव्या अधिक प्रमाणात सोडतात, आणि त्या भक्षक पेशींना भडकवतात व वण तयार करणाऱ्या पेशींना कामाला लावतात. म्हणजे सूज आणि वण यांचा निरोप यकृतभर पसरवण्यात या पिशव्यांचा वाटा असतो.

गाठ या पिशव्यांतून काय पाठवते?

कर्करोगाच्या पेशी निरोगी पेशींपेक्षा बहुधा अधिक एक्झोसोम सोडतात आणि त्यांतला ऐवजही वेगळा असतो. यकृताच्या कर्करोगात तीन प्रकारची कामे ठळकपणे दिसून आली आहेत. रक्तवाहिन्यांच्या भिंतीतल्या पेशींना सूचना देऊन गाठीकडे नव्या वाहिन्या वाढवून घेणे हे पहिले काम आहे, कारण वाढत्या गाठीला रक्त लागते. दुसरे काम म्हणजे दूरच्या अवयवातली जागा तयार करणे. यकृताच्या कर्करोगाच्या एक्झोसोममधला सूक्ष्म-आरएनएचा एक विशिष्ट तुकडा फुप्फुसातल्या आधारपेशींना बिघडवतो आणि पुढे तिथे गाठ रुजणे सोपे होते, असे २०१८ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांत दाखवले गेले.

तिसरे काम प्रतिकारशक्तीला निष्प्रभ करण्याचे आहे. टी-पेशी आणि एनके पेशी या कर्करोगाची पेशी ओळखून मारणाऱ्या प्रमुख पेशी आहेत. यकृताच्या कर्करोगाने सोडलेले काही एक्झोसोम या पेशींत शिरून त्यांना थकवतात, म्हणजे पेशी जिवंत असते पण मारा करण्यासाठी लागणारी रसायने सोडत नाही. इतर काही एक्झोसोम भक्षक पेशींत जाऊन त्यांनाच प्रतिकार दडपणारे प्रथिन अंगावर वाढवायला लावतात. ते प्रथिन कोणते, हे समजण्यासाठी आधी उपचारांकडे वळावे लागेल.

प्रतिकारशक्तीवरचे उपचार कसे काम करतात?

टी-पेशीच्या अंगावर पीडी-१ नावाचे एक प्रथिन असते. समोरच्या पेशीच्या अंगावरचे पीडी-एल१ हे प्रथिन त्याला जाऊन जुळले की टी-पेशीला ‘थांब’ असा इशारा मिळतो. शरीराने ही व्यवस्था स्वतःच्या निरोगी पेशी वाचवण्यासाठी केलेली आहे, पण कर्करोगाच्या पेशीही अंगावर पीडी-एल१ वाढवून तोच इशारा देतात. या दोघांची गाठ पडू न देणारे प्रतिपिंड शिरेतून दिले, तर टी-पेशी पुन्हा कामाला लागू शकते. जपानचे तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेने पीडी-१ चा शोध १९९२ मध्ये लावला आणि याच तऱ्हेच्या दुसऱ्या प्रथिनावर काम करणारे अमेरिकेचे जेम्स ॲलिसन यांच्यासह त्यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

यकृताच्या कर्करोगात या औषधांनी खरोखरच फरक पाडला आहे, आणि तो आकड्यांतच पाहावा. शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेलेल्या रुग्णांसाठी २००७ पासून सोराफेनिब ही गोळी होती. तिच्या मूळ चाचणीत औषध घेणारे रुग्ण मध्यमानाने १०.७ महिने जगले (म्हणजे निम्मे रुग्ण त्याहून अधिक काळ जगले), औषधाविना ७.९ महिने. २०२० मध्ये ५०१ रुग्णांवरच्या एका चाचणीचे निष्कर्ष आले, ज्यात पीडी-एल१ अडवणारे अटेझोलिझुमॅब आणि नव्या रक्तवाहिन्या रोखणारे बेव्हासिझुमॅब ही दोन औषधे दर तीन आठवड्यांनी एकत्र दिली होती. पुढच्या पाठपुराव्यात या गटाचे मध्यमान आयुष्य १९.२ महिने भरले, तर सोराफेनिब घेणाऱ्यांचे १३.४ महिने. २०२२ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या दुसऱ्या एका जोडीने, म्हणजे ड्युर्वालुमॅब आणि ट्रेमेलिमुमॅब यांनी, पाच वर्षांनंतरही सुमारे पाचांतला एक रुग्ण हयात ठेवला. सोराफेनिबच्या गटात हे प्रमाण साधारण निम्मे होते.

हे यश मोठे आहे. मात्र अटेझोलिझुमॅब आणि बेव्हासिझुमॅब मिळालेल्या रुग्णांपैकी साधारण ३० टक्क्यांचीच गाठ ठळकपणे लहान झाली, हेही त्याच चाचणीत दिसले आहे. घरातले शेत गहाण ठेवून औषध देणाऱ्या कुटुंबाला हा आकडा आधी, त्यांना समजेल अशा भाषेत सांगितला गेलाच पाहिजे.

औषध अडते कुठे?

उरलेल्या रुग्णांत काय होते याची कारणे अनेक आहेत. काही गाठींत टी-पेशी शिरलेल्याच नसतात, काही गाठींच्या जनुकीय बिघाडामुळे त्या प्रतिकारशक्तीच्या नजरेआड राहतात. पण २०१८ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी त्वचेच्या मेलानोमा या कर्करोगात एक नवी गोष्ट दाखवली. कर्करोगाच्या पेशी पीडी-एल१ केवळ अंगावर बाळगत नाहीत, ते एक्झोसोमच्या आवरणावर लावून रक्तात सोडूनही देतात. अशा पिशव्या गाठीपासून लांब, रक्तात आणि लसिका-गाठींत, टी-पेशींना भेटतात आणि लढाईच्या जागी पोहोचण्यापूर्वीच त्यांना ‘थांब’ असा इशारा देतात. शिवाय शिरेतून दिलेले प्रतिपिंड अशा भटक्या पिशव्यांनाही चिकटते, त्यामुळे औषधाचा काही भाग गाठीपर्यंत न पोहोचता तिथेच खर्ची पडू शकतो. उपचाराच्या सुरुवातीलाच ज्यांच्या रक्तात असे एक्झोसोम पुष्कळ होते, त्यांना औषध कमी लागू पडल्याचेही त्या अभ्यासात दिसले. पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने उंदरांत एक्झोसोमवरचे पीडी-एल१ काढून टाकले, तेव्हा औषधाला दाद न देणाऱ्या गाठींची वाढही रोखली गेली.

यकृताच्या कर्करोगात याला जुळणारे पुरावे मिळाले आहेत. २०१९ मध्ये चीनमधल्या संशोधकांनी दाखवले की ताणाखाली असलेल्या यकृत-कर्करोगाच्या पेशी एक्झोसोममधून सूक्ष्म-आरएनएचा एक तुकडा भक्षक पेशींना पाठवतात आणि त्या पेशी स्वतःच अंगावर पीडी-एल१ वाढवतात. २०२० मध्ये आणखी एका गटाला दिसले की या कर्करोगाच्या एक्झोसोममधला दुसरा एक गोलाकार आरएनए एनके पेशींना थकवतो आणि पीडी-१ अडवणाऱ्या औषधाचा परिणाम कमी करतो. यांतले बहुतेक काम प्रयोगशाळेतल्या पेशींवर, उंदरांवर आणि रुग्णांच्या साठवलेल्या नमुन्यांवर झालेले आहे, म्हणून त्याच्याकडे भक्कम सुगावा म्हणून पाहावे, रोजच्या उपचाराचा नियम म्हणून नाही.

मग एक्झोसोम सोडणेच बंद का करू नये?

हा प्रश्न स्वाभाविक आहे आणि संशोधकांनीही तो विचारला आहे. एक्झोसोम तयार होणे रोखणारी रसायने प्रयोगशाळेत वापरली जातात, आणि उंदरांत त्यांचा उपयोगही दिसतो. अडचण अशी की मेंदूच्या, हृदयाच्या, गर्भाच्या आणि खुद्द प्रतिकारशक्तीच्या पेशीही याच वाटेने निरोप पाठवतात. खानापूरच्या गाडीतली एक पिशवी नको म्हणून सगळ्या बसच बंद ठेवण्यासारखा तो उपाय होईल. कर्करोगाच्याच पिशव्या ओळखून तेवढ्याच अडवणे, किंवा घेणाऱ्या पेशीने त्या स्वीकारूच नयेत अशी व्यवस्था करणे, या दोन दिशांनी काम चालू आहे.

रक्ताच्या एका थेंबातून कर्करोग आधीच कळेल का?

एक्झोसोमचा पहिला व्यवहार्य उपयोग कदाचित इथेच होईल, असे मला वाटते. आज यकृताच्या कर्करोगासाठी एएफपी या प्रथिनाची रक्ततपासणी केली जाते, पण सुरुवातीच्या टप्प्यात पुष्कळ रुग्णांत एएफपी वाढलेले नसते, आणि कर्करोग नसतानाही सुजलेल्या यकृतात ते थोडे वाढलेले असू शकते. गाठीने सोडलेल्या एक्झोसोममध्ये तिचा स्वतःचा आरएनए आणि प्रथिने आवरणाच्या आत सुरक्षित असतात, म्हणून त्यांतून अधिक नेमकी माहिती मिळेल अशी आशा आहे. गाठीचा तुकडा सुईने काढणे सिरॉसिसच्या रुग्णात रक्तस्रावामुळे जोखमीचे ठरते, तेव्हा रक्तातून मिळणारी माहिती दुप्पट मोलाची.

यातली अडचण कामाच्या बाजूची आहे. रक्तात चरबी वाहून नेणारे कण एक्झोसोमपेक्षा कितीतरी अधिक असतात आणि त्यांतले काही आकारानेही तेवढेच असतात. नमुना अतिवेगाने फिरवून किंवा गाळून पिशव्या वेगळ्या कराव्या लागतात, आणि पद्धत बदलली की निकालही बदलतो. म्हणूनच या क्षेत्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेला २०१४, २०१८ आणि २०२३ मध्ये कामाच्या पद्धतींविषयी सविस्तर मार्गदर्शक सूचना काढाव्या लागल्या. एका प्रयोगशाळेत नव्वद टक्के अचूक ठरलेली तपासणी दुसऱ्या शहरात, दुसऱ्या रुग्णांवर तशीच ठरेपर्यंत तिच्यावर उपचाराचा निर्णय सोपवता येत नाही.

एक्झोसोमचेच औषध बनवता येईल का?

ज्या पिशवीतून कर्करोग स्वतःचे निरोप पाठवतो, तिच्यात आपल्याला हवा तो ऐवज भरता आला तर, हा यामागचा विचार आहे. प्रतिकारशक्तीला शत्रूची ओळख करून देणाऱ्या डेंड्रायटिक पेशींना एएफपी हे यकृत-कर्करोगाचे प्रथिन बनवायला लावून, त्यांनी सोडलेले एक्झोसोम उंदरांना टोचले तेव्हा गाठींची वाढ मंदावली आणि टी-पेशी अधिक सक्रिय झाल्या, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. याच तत्त्वाची माणसांवरची एक चाचणी फ्रान्समध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाच्या २२ रुग्णांवर झाली होती. किमान निम्म्या रुग्णांचा आजार चार महिने स्थिर राहावा असे उद्दिष्ट होते, प्रत्यक्षात सात रुग्णांत तसे झाले, म्हणजे उद्दिष्ट गाठले गेले नाही. उपचार सुरक्षित होता आणि काहींच्या एनके पेशी सुधारल्या, एवढे हाती लागले. अमेरिकेत एका कंपनीने यकृताच्या कर्करोगासाठी, भक्षक पेशींना पुन्हा लढायला लावणारा ऐवज भरलेल्या एक्झोसोमची पहिल्या टप्प्यातली चाचणी २०२२ मध्ये सुरू केली, पण २०२३ मध्ये ती कंपनीच दिवाळखोरीत गेली. हे सारे निराश होण्यासाठी सांगितलेले नाही. पिशव्या पुरेशा संख्येने, एकसारख्या आणि निर्जंतुक बनवणे किती कठीण आणि खर्चिक आहे, याची त्यातून कल्पना येते.

‘पण अमुक दवाखान्यात देतात म्हणे’

प्रसाधनाच्या किंवा ‘पुनरुज्जीवना’च्या नावाखाली एक्झोसोमची कुपी विकली जाते म्हणून ती कर्करोगावरचे औषध होत नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०१९ मध्ये, काही रुग्णांना अशा उत्पादनांनंतर गंभीर त्रास झाल्यावर, एक्झोसोमचे एकही उत्पादन मंजूर नसल्याचा जाहीर इशारा दिला होता. कर्करोगाच्या रुग्णात तर आणखी एक धोका आहे. वाढ आणि भरून येणे यांच्या सूचना वाहणाऱ्या पिशव्या गाठीलाही वाढीचा निरोप देऊ शकतात. सिद्ध उपचार थांबवून किंवा लांबवून अशा इंजेक्शनवर पैसे घालू नयेत, हे मी शक्य तितक्या आग्रहाने सांगेन.

मग आज आपल्या हातात काय आहे?

या कर्करोगाचे मूळ असलेल्या विषाणूंवर आज उपाय आहेत. हेपॅटायटिस बीची लस आहे, आणि तिचा पहिला डोस जन्मानंतर चोवीस तासांच्या आत बाळाला मिळायला हवा. तैवानने १९८४ मध्ये आधी विषाणू असलेल्या आयांच्या बाळांना आणि १९८६ पासून सर्व बाळांना ही लस देणे सुरू केल्यावर तिथल्या मुलांतला यकृताचा कर्करोग स्पष्टपणे घटला. हेपॅटायटिस सी बहुतेक रुग्णांत सुमारे बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. भारतात जुलै २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयांतून या दोन्ही विषाणूंची तपासणी आणि औषधे मोफत दिली जातात. कावीळ झाली की झाडपाल्याचे औषध घ्यायचे आणि डोळे पांढरे झाले की विसरून जायचे, ही आपल्याकडची रीत इथे घातक ठरते, कारण कावीळ ओसरली तरी विषाणू आत राहिलेला असू शकतो. ती कोणत्या विषाणूची होती हे रक्त तपासूनच कळते. ज्यांना सिरॉसिस आहे त्यांनी दर सहा महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी करून घ्यावी. लहान गाठ सापडली तर शस्त्रक्रिया, गाठ जाळण्याचा उपचार किंवा प्रत्यारोपण यांनी ती बरी होण्याची शक्यता असते.

ज्यांना प्रतिकारशक्तीवरचे उपचार सुचवले गेले आहेत, त्यांनी काही गोष्टी आधीच विचारून घ्याव्यात. यकृताचे काम अजून पुरेसे चांगले आहे का, अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा दुर्बिणीने तपासल्या आहेत का, कारण बेव्हासिझुमॅबने रक्तस्राव होऊ शकतो, आणि यापूर्वी अवयव प्रत्यारोपण झाले आहे का, कारण मोकळी सोडलेली प्रतिकारशक्ती नव्या अवयवावरही हल्ला करू शकते. उपचार चालू असताना सतत जुलाब, धाप, नवी कावीळ किंवा कमालीचा थकवा आला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे.

खर्च लाखांच्या घरात जाऊ शकतो, म्हणून आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत कोणते औषध बसते हे उपचार सुरू होण्यापूर्वी रुग्णालयातल्या योजना-कक्षात विचारावे. सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना लागू करण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये घेतला, तिच्या यादीचीही चौकशी करावी. आपल्याकडचा रुग्ण बेळगाव, हुबळी, कोल्हापूर, मिरज, गोवा, मुंबई असा फिरतो, आणि त्याच्या पिशवीत कन्नडमधले कार्ड, इंग्रजीतला डिस्चार्ज कागद आणि जुन्या सीटी स्कॅनची घडी पडलेली फिल्म असते. औषधाचा परिणाम ठरवताना जुनी आणि नवी प्रतिमा शेजारी ठेवून पाहावी लागते, म्हणून प्रत्येक स्कॅनची सीडी मागून घेऊन तारखेप्रमाणे जपून ठेवावी.

आणि कोणी एक्झोसोमच्या चाचणीत सहभागी होण्याविषयी विचारले, तर तिचा भारतीय चाचणी-नोंदणीतला (सीटीआरआय) क्रमांक मागावा. २००९ पासून औषधांच्या चाचण्यांची तिथे नोंदणी बंधनकारक आहे आणि कोणालाही ती इंटरनेटवर विनामूल्य पाहता येते. संशोधनाचा भाग असलेल्या औषधाचे किंवा तपासणीचे पैसे रुग्णाकडून घेणे आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, नीतिनियमांत बसत नाही, त्यामुळे पैसे मागितले गेले तर तिथून उठावे. संमतिपत्र रुग्णाला समजणाऱ्या भाषेत असले पाहिजे असे भारताच्या २०१९ च्या चाचणी-नियमांत आहे. ते कन्नड किंवा इंग्रजीतच पुढे आले आणि रुग्णाला मराठीच वाचता येत असेल, तर सही करण्यापूर्वी मराठीतला कागद मागावा, तो घरी नेऊन वाचावा आणि आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवून मगच निर्णय घ्यावा.